टाचणीबाईंचा प्रश्न

माझ्याकडे येणाऱ्या पोरांना जपानी भाषा नको असते, जपान हवा असतो. भाषा ही वाटेतली कटकट. परदेशी कामावर माणसं पाठवणाऱ्या संस्था त्यांना माझ्याकडे पिटाळतात आणि वर फोन करून सांगतात, "बाई, व्याकरण राहू द्या, उच्चार तेवढे बघा." जसं काही उच्चार म्हणजे पंक्चर, आणि मी खालच्या टायरवाल्याची वरच्या मजल्यावरची शाखा. माझा वर्ग खरोखरच टायरच्या दुकानावर आहे. खिडकी उघडली की रबराचा वास येतो आणि मिटली की पोरांच्या बुटांचा. त्यातल्या त्यात मला रबर बरं वाटतं.

ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई चौकशीला आली आहे. पन्नाशीची, बारीक चणीची बाई. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यात दोन टाचण्या. टाचण्यांसकटच ती म्हणाली, "शिकायचंय."

"कुणाला?"

"मलाच."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मग तिला म्हटलं, "आधी तोंडातलं काढा. इथं तोंडाचंच काम आहे." तिनं दचकून ओठ चाचपले, टाचण्या काढल्या आणि बाहीला टोचून ठेवल्या. त्या तोंडात आहेत हे तिच्या गावीही नव्हतं.

ती शिंपीण होती, कपडे दुरुस्त करणारी. नवीन शिवणं तिनं केव्हाच सोडलं होतं. लोक तयार कपडे घेतात आणि मग ते अंगाला होत नाहीत म्हणून कुरकुरतात, त्या कुरकुरीवर तिचं दुकान चालायचं. लांब पँट आखूड करायची, अडकलेली चेन बदलायची, सुटलेल्यांना शिलाई उसवून द्यायची आणि वाळलेल्यांना टिपा मारून द्यायच्या. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट, तिला दार लावलेलं. गिऱ्हाईक आत आलं की तिला मशीनला पाठ टेकून उभं राहावं लागे. शाळा सुटली तेव्हापासून ती हेच करत आली होती, त्यामुळं तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय इतकी जुनी की टाचण्या नसल्या तरी ती ओठ फारसे उघडत नसे. शब्द दातांच्या फटीतून येत, एकेक करून. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव टाचणीबाई ठेवलं. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आणि घरी जाताना माझ्याही मनात तेच नाव होतं.

वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली. मी खुर्च्या लावत होते. ती न विचारताच दुसऱ्या बाजूनं खुर्च्या लावायला लागली आणि लावता लावता तिनं मला सगळं सांगितलं.

तिचा एकुलता एक मुलगा जपानमध्ये लाकडाच्या यार्डात कामाला होता. मोठमोठे ओंडके रचायचे, उतरवायचे. गेल्या वर्षी रचलेल्या ढिगाऱ्यातला एक ओंडका घसरला आणि तो त्याखाली सापडला. पाठवणाऱ्या संस्थेचा माणूस घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "लगेच गेला. कळलंसुद्धा नाही त्याला." हेच वाक्य मग सगळ्यांनी म्हटलं. शेजाऱ्यांनी म्हटलं, नातेवाइकांनी म्हटलं, नवरा तर जपमाळ ओढल्यासारखं म्हणत राहिला. तिनंही ते धरून ठेवलं असतं. पण पेटीतून मुलगा आला तेव्हा त्याच्या अंगावर तिथल्या लोकांनी घातलेला नवा पांढरा शर्ट होता, आणि त्या शर्टाच्या बाह्या त्याला लांब होत होत्या.

"बोटांपर्यंत आल्या होत्या," ती म्हणाली. "लोक म्हणाले, राहू दे. पण असं कसं राहू देणार? मी बसले नि बाही वर घेतली. दुमडून टाका घालायला हात हातात घेतला, तर नखं बघितली. तुटलेली. आत साल गेलेली, झाडाची. तळवे सोलवटलेले." तिनं हातातली खुर्ची खाली ठेवली. "लगेच गेलेल्याचे हात असे असतात का हो बाई?"

मी म्हटलं, "पडताना आधार घेतला असेल."

"तेच सगळे म्हणतात."

नंतर संस्थेनं यार्डच्या साहेबांशी व्हिडिओवर बोलणं घडवून आणलं होतं. सोबत दुभाषी दिला. तिनं विचारलं, माझा मुलगा कसा गेला? दुभाष्यानं ते जपानीत विचारलं. साहेब बराच वेळ बोलला, मान खाली घालून, मधे थांबत, परत बोलत. मग दुभाषी तिच्याकडे वळून म्हणाला, "ते म्हणतात, लगेच गेला."

"एवढा मोठा तागा उलगडला नि माझ्या हातात एवढासा रुमाल?" ती म्हणाली. "बाकीचं कापड गेलं कुठं? मी शिंपीण आहे बाई. एवढं मला कळतं."

त्या व्हिडिओत साहेबाच्या मागं एक म्हातारा मुकादम बसला होता. मुलगा फोनवर नेहमी त्याच्याबद्दल सांगायचा. तो त्याला आजोबा म्हणायचा. बोलणं संपत आलं तेव्हा तो म्हातारा उठून पडद्याजवळ आला, तिच्याकडे बघून काहीतरी बोलू लागला, आणि चित्र बंद झालं. मुलाचा मोबाईल सामानातून परत आला होता. त्यात 'आजोबा' म्हणून नंबर होता.

"मग द्या की तो नंबर," मी म्हटलं. "आत्ता लावते. मी विचारते, मला येतं."

ती जराशी ओशाळली. "तुम्हीपण दुभाषीच होतात ना? असं ऐकलं."

हे तिनं टोचून म्हटलं नव्हतं, पण मला लागलं, कारण खरं होतं. वर्ग काढण्याआधी कित्येक वर्षं मी एका यंत्रांच्या कंपनीत दुभाषी होते. दुभाष्याचं अर्धं काम इस्त्रीचं असतं. साहेब ओरडला की आपण म्हणायचं, ते जरा नाराज आहेत. कामगारानं शिवी दिली की म्हणायचं, त्यांची थोडी अडचण आहे. दोन्हीकडचे खूश, आणि कापड गुळगुळीत. म्हाताऱ्यानं काही भयंकर सांगितलं असतं तर मी ते तिला जसंच्या तसं दिलं असतं का? मला खात्री नव्हती, आणि ते तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं.

"मीच विचारणार," ती म्हणाली. "आई विचारतेय म्हटल्यावर तो खोटं बोलायचा नाही. हो की नाही, एवढं कळलं की झालं. एक प्रश्न शिकवा मला. पण असा शिकवा की त्यानं परत 'काय?' म्हणून विचारता कामा नये. दुसऱ्यांदा विचारायची माझ्यात ताकद नाही."

असा तो अभ्यास सुरू झाला. मी तिला बजावलं, "एकच प्रश्न म्हणून पोपटासारखा शिकवणार नाही. पहिल्यापासून शिकायचं, आ इ उ ए ओ." मला वाटलं, कंटाळेल. कंटाळली ती नाहीच, उलट मीच वैतागले, कारण ती चांगली विद्यार्थिनी नव्हती. पोरं दोन दिवसांत जे उचलत त्याला तिला आठवडा लागे. दिवसभर मशीनवर वाकून आलेली, डोळे लाल, बोटाला अंगुस्तान तसंच. पण ती चुकली की लाजत नसे. उसवायची नि परत शिवायची.

जपानी उच्चारात आपल्या माणसाला पहिलं काय करावं लागतं, तर निम्मं तोंड घरी ठेवून यावं लागतं. ट, ठ, ड, ढ नाहीत. ण आणि ळ नाहीत. ख, घ, भ असली श्वासाची अक्षरं नाहीत. आणि ल नाही. त्यांचा र आणि ल एकाच खोलीत राहतात, जीभ टाळूला हळूच टेकवून लगेच सोडायची, ना धड र, ना धड ल. तिला हे फार दिवस जमलं नाही. मी म्हणायची, "हलका टाका मारा, खोल नको." ती मान हलवायची आणि परत दणदणीत ल काढायची.

'उ' मात्र तिला पहिल्या दिवशी आला. जपानी उ म्हणताना ओठांचा चंबू करायचा नसतो, ओठ सैल ठेवायचे. पोरं शिट्टी वाजवल्यासारखी तोंडं करत होती आणि ही टाचण्यावाली ओठ न हलवता अस्सल उ काढत होती. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. लगेच दुसऱ्या दिवशी 'फु' निघाला. दोन्ही ओठांनी दिवा विझवल्यासारखी फुंकर मारायची. त्या दिवशी ती घाईत टाचणी तोंडात ठेवूनच बसली होती. टाचणी उडाली ती थेट माझ्या टेबलावर. वर्ग हसला, मीही हसले, आणि तीही हसली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

'त्सु' शिकवताना मला वाटलं होतं आता ही अडणार. फळ्यावर लिहून मी म्हटलं, "चाकातला च आठवा. 'चमचा'मधला दुसरा च. जीभ दाताला." तिनं 'त्सु' म्हटलं आणि मी हातातला खडू खाली ठेवला. असा च ती आयुष्यभर बोलत आली होती, त्यात शिकण्यासारखं काही नव्हतंच.

खरी मारामारी दीर्घ स्वराशी. जपानीत स्वर लांबला तर तो मोजून दुप्पट लांबला पाहिजे. आपण कागदावर ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाठ करतो आणि बोलताना सगळं एका मापात कापतो. 'आरिगातोऽ', म्हणजे आभार, यातला शेवटचा ओ ती दरवेळी तोडायची. मी टेबलावर टिचक्या मारायची, आ-रि-गा-तो-ओ. ती चार टिचक्यांतच संपायची. "बाई," ती एकदा वैतागून म्हणाली, "मला त्यांचे आभार कुठं मानायचेत? सोडा की हा शब्द." मी म्हटलं, "फोन ठेवताना लागेल." ती म्हणाली, "बघू."

आणि मग आला 'हाहा'. परक्या माणसाशी बोलताना जपानी माणूस आपल्या आईला हाहा म्हणतो. 'हाहा देस', म्हणजे मी आई आहे. शेवटचा उ गिळायचा, देसु नाही, देस. मी हे सांगितलं आणि वर्गात हास्याचा स्फोट झाला. पोरं एकमेकांना 'हाहा, हाहा' करत बाकं बडवू लागली. मी ओरडणार तेवढ्यात टाचणीबाईंकडे लक्ष गेलं. ती टीप मारावी तशी सरळ, मापात, म्हणत होती, "हाहा देस. हाहा देस." तिच्या शेजारचा पोरगा आधी गप्प झाला, मग त्याच्या पुढचा, मग सगळाच वर्ग. खालून टायरमध्ये हवा भरायचा आवाज तेवढा येत होता. त्या दिवसानंतर त्यांच्यापैकी कुणी तिला टाचणीबाई म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांच्यातल्या काहींची कामं लाकडाच्या यार्डातच ठरलेली होती.

शेवटी प्रश्नाची वेळ आली. मी तिला वाक्य दिलं. त्यात 'गेला' यासाठी 'नाकुनारिमाश्ता' हा शब्द होता. तिनं तो दोनदा म्हणून पाहिला आणि विचारलं, "हा इस्त्री केलेला आहे का?"

"म्हणजे?"

"तुम्हीच एकदा वर्गात म्हणालात ना, दुभाष्याचं काम इस्त्रीचं. हा तसला शब्द आहे का, गुळगुळीत?"

"हो," मी म्हटलं. "सभ्य शब्द आहे. 'निवर्तला' म्हणतो तसा."

"मग चुरगळलेला द्या."

मी 'शिनिमाश्ता' दिला. 'मेला'. मुसुको वा सुगु नि शिनिमाश्ता का. माझा मुलगा लगेच मेला का? तिला एवढंच बरं वाटलं की त्यांचाही प्रश्न 'का'वरच संपतो. "म्हणजे विचारायचं आपल्यासारखंच," ती म्हणाली. पण तो शब्द तिच्या तोंडात अडकायचा. अक्षरं सगळी तिला येत होती, शि, नि, मा, श्ता. एकेक म्हटलं तर स्वच्छ म्हणायची. सलग म्हणायला गेली की 'शिनि'पाशी तिचा आवाज बसायचा. मी घोकून घ्यायची माझी सवय तेवढ्यापुरती मोडली. तिचं तीच शिवायचं काम काढून बसे आणि हेम घालता घालता पुटपुटे. एका दुपारी दोरा तोडताना वाक्य अखंड बाहेर आलं. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही, पुढची पँट घेतली.

त्याच सुमारास तिचा नवरा मला भेटायला आला. तो मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवायचा. जिना चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती. दिवसभर लोकांना वर नेणारा माणूस, आणि माझ्या इमारतीला लिफ्ट नाही. गणवेशाची टोपी हातात धरून तो उभाच राहिला.

"बाई, तिला शिकवू नका."

"का?"

"मला झोप लागते." त्यानं ते गुन्हा कबूल केल्यासारखं सांगितलं. "पोरगा गेला तरी मला झोप लागते. लगेच गेला, त्याला कळलं नाही, एवढं म्हणतो नि कूस बदलतो. ते जर काढून घेतलंत तर माझ्याकडं काय राहील?"

मी म्हटलं, "मी तिला अडवू शकत नाही. तुम्ही घरीच सांगा तिला."

"तिच्याशी बोलायचं कधी? सदा तोंडात टाचण्या. टाचण्या असल्या की मी काही विचारत नाही, बोलता बोलता गिळेल अशी भीती वाटते. लग्न झालं तेव्हापासूनची." तो थोडा वेळ टोपी फिरवत राहिला. "तिला म्हणावं, जे कळेल ते मला सांगू नको. पण मी विचारणार. मला माहितीये, मी विचारल्याशिवाय राहायचा नाही."

मला त्याचा राग यायला हवा होता. तसा मला राग पटकन येतो. त्याचा आला नाही.

फोन एका सुट्टीच्या सकाळी लावायचा ठरला. वर्ग रिकामा होता. मी खिडकी लावून घेतली. ती दुकानातूनच आली होती, हातात कुणाचा तरी कोट, कारण हात रिकामे असले की तिला बोलता येत नसे. आमचं ठरलं होतं की मी शेजारी बसायचं आणि तिनं विचारल्याखेरीज तोंड उघडायचं नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. तिकडे बऱ्याच वेळानं कुणीतरी उचलला. मागं टीव्ही चालू होता.

"मोशि मोशि," ती म्हणाली, तिकडचं हॅलो. मग मुलाचं नाव घेतलं, आणि त्याला जोडून, त्याची आई अशा अर्थी, म्हणाली, "नो हाहा देस."

टीव्ही बंद झाला. म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. ती थांबली नाही. कोटाच्या कॉलरवर दोन्ही हात घट्ट धरून तिनं विचारलं, "मुसुको वा सुगु नि शिनिमाश्ता का."

इतक्या वर्षांत माझ्या वर्गात कुणी इतकं स्वच्छ वाक्य बोललं नव्हतं. त्यामुळंच घोटाळा झाला. म्हाताऱ्याला वाटलं हिला जपानी येतं.

त्यानं 'हाय' म्हटलं नाही आणि 'ईए'ही म्हटलं नाही. हो-नाही या दोन शब्दांसाठी आम्ही केवढी तयारी केली होती, आणि तो त्यातलं काहीच न म्हणता सांगायला लागला. जड आवाज, खेड्यातली बोली, मधे मधे खोकला. ती माझ्याकडे बघत होती. मी हात वर करून थांबायची खूण केली, कारण मलाही कान देऊन ऐकावं लागत होतं. तो सांगत होता की क्रेन यार्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. नियम असा की ओंडका घसरला तर क्रेन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, बाकीचा ढीग खाली येतो. म्हणून ते सगळे भोवती उभे होते. तो स्वतः गुडघ्यावर बसला होता, पोराच्या डोक्याशी. येतेय, येतेय, असं सांगत होता. पोरगा आधी जपानीत बोलला, मग त्याचं जपानी संपलं. मग तो आपल्या भाषेत एकच काहीतरी म्हणत राहिला, क्रेन आली तोवर.

आणि म्हाताऱ्यानं ते म्हणून दाखवलं. "उत्सराना," तो म्हणाला. "उत्सराना. उत्सराना."

मी बावळटासारखी जपानी शब्दकोश डोक्यात चाळत बसले. त्याच्या गावाकडचं क्रियापद असेल, असं मला वाटलं. तोवर टाचणीबाईंच्या हातातून कोट खाली पडला होता.

"उचला ना," ती म्हणाली.

मला म्हणाली नव्हती, कुणालाच म्हणाली नव्हती. चाकातला च आणि एका खोलीत राहणारे र नि ल, मी तिला शिकवलं होतं आणि ऐकू तिला आलं. मी तोंड उघडलं, बाकीचं सांगू की नको या विचारात. तिनं हातानं नको केलं. "कळलं," ती म्हणाली. "सगळं कळलं. तुम्ही काही सांगू नका."

पण म्हातारा थांबला नव्हता. आता तो काहीतरी विचारत होता, परत परत. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

मला सांगावं लागलं. "तो म्हणतो, मी ते रोज म्हणतो, विसरू नये म्हणून. इथं कुणाला विचारणार? साहेबाला विचारलं तर तो म्हणाला, सोडून दे. त्या दिवशी व्हिडिओवर तुम्हालाच विचारायला आलो होतो. त्याचा अर्थ काय?"

तिनं बाहीची एक टाचणी काढली, ओठांत धरली, परत काढली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही, टाचणीकडे बघत राहिले. तिकडे म्हातारा श्वास रोखून थांबला होता. जे उचलायचं नाही असा नियम होता, ते उचला म्हणून पोरगा सांगत होता, आणि हा माणूस त्याच्या उशाशी बसून ते शब्द पाठ करत होता.

"त्याला सांगा," ती म्हणाली, "आमच्याकडं आभार मानताना असं म्हणतात."

"अहो..."

"सांगा. एवढं मोठं मला येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. नाहीतर मीच बोलले असते."

मी सांगितलं. नोकरीत मी पुष्कळ वाक्यांना इस्त्री केली होती. हे तिनंच इस्त्री करून माझ्या हातात दिलं, मी नुसतं पुढं केलं. तिकडे म्हातारा रडायला लागला. म्हातारी माणसं रडतात तसा, लाज न बाळगता, नाक ओढत. ती फोनवर वाकली आणि म्हणाली, "आरिगातोऽ." पुरेपूर लांब, शेवटच्या टिचकीपर्यंत. मग तिनं स्वतः फोन बंद केला, खाली पडलेला कोट उचलला, झटकला आणि हातावर टाकला.

मी तिला सोडायला जिन्यापर्यंत गेले. मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण तसला स्वभाव नाही माझा, आणि ठेवला असता तर बहुतेक मीच रडले असते. मी वरच्या पायरीवर उभी राहिले.

खाली टायरच्या चळतीशेजारी तिचा नवरा थांबला होता, गणवेशातच. ड्यूटीवर जायच्या आधी आला असणार. ती शेवटची पायरी उतरायच्या आत त्यानं विचारलं, "काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

"लगेच?"

"लगेच गेला," ती म्हणाली. "कळलंसुद्धा नाही त्याला."

तिला ओळखू लागले तेव्हापासून ती ओठ पूर्ण उघडून बोललेली मी हे पहिलंच वाक्य ऐकलं. जिन्याच्या वरपर्यंत एकेक अक्षर सुटं ऐकू आलं. नवऱ्यानं डोळे मिटले, मान हलवली, टोपी डोक्यावर घातली. मग त्यानं परत तोंड उघडलं, अजून काहीतरी विचारणार होता. तिनं बाहीच्या टाचण्या काढल्या, दोन्ही, आणि तोंडात धरल्या. त्यानं काही विचारलं नाही. दोघं रस्त्याला लागली.